ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे दुपारचे जेवण आणि रेशन: हंगामाच्या काळात काय करावे?

डोंगरपट्टा (प्रश्न)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगराळ भागात राहतो आणि गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शाळा सातवीपर्यंत आहे. दरवर्षी दसरा झाला की मुकादमांच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदारांच्या) गाड्या येऊ लागतात आणि दिवाळी संपता संपता निम्म्याहून अधिक घरांना कुलपे लागतात. ज्यांनी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते त्यांना जावेच लागते. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कोणी पुणे जिल्ह्यातील कारखान्यांवर, तर काही कुटुंबे सीमा ओलांडून कर्नाटकात बेळगाव भागात जातात. ती परत येतात थेट मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर.

या काळात मुलांच्या खाण्याची जी ओढाताण होते, तिच्याविषयी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. काही मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. त्यांना शाळेत दुपारी खिचडी किंवा उसळ-भात मिळतो, परंतु सकाळ-संध्याकाळी घरात शिजवणारे माणूस थकलेले असते आणि रविवारी तर दुपारचीही सोय नसते. सोमवारी ही मुले दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भात मागून घेतात हे आम्ही सर्वजण पाहतो. दुसरीकडे, जी मुले आई-वडिलांबरोबर जातात ती कारखान्याच्या अड्ड्यावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहतात. त्यांना तिथल्या शाळेत बसू देतील का, आणि बसू दिले तरी दाखला नसताना पोषण आहार मिळेल का, हे पालक मला विचारतात आणि मी खात्रीने उत्तर देऊ शकत नाही.

तिसरी अडचण रेशनची आहे. कार्ड एकच असते, त्यावर आजीपासून नातवापर्यंत सर्वांची नावे असतात. धान्य गावात उचलायचे तर आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. कारखान्याजवळ उचलायचे तर तिथला दुकानदार ‘तुमचे कार्ड इथले नाही’ म्हणून परत पाठवतो, असे बरेच जण सांगतात.

आणखी एक गोष्ट समितीपुढे नेहमी येते. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या दोन ताईंपैकी एक ताई स्वतःच नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, कारण जोडीने मिळणारी उचल आणि शाळेतले मानधन यांची तुलनाच होऊ शकत नाही. ती गेल्यावर सगळा भार दुसरीवर पडतो आणि ती आजारी पडली की चूल पेटत नाही. अशा दिवशी मुलांना उपाशी घरी पाठवणे हाच पर्याय आहे का?

कायद्याने काय मिळायला हवे आणि प्रत्यक्षात ते कसे मिळवावे, दोन्ही अंगांनी कृपया सांगावे. गाड्या येण्यापूर्वी काही कागद तयार करता आले तर आम्ही या वर्षी आधीच तयारीला लागू.

निवृत्त केंद्रप्रमुख

आपण हा विषय दिवाळीच्या आधी मांडला हे फार बरे केले, कारण स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या बाबतीत जे काही करता येते ते बहुतेक सर्व गाव सुटण्यापूर्वीच करावे लागते. एकदा कुटुंब अड्ड्यावर पोहोचले की कामाच्या वेळा पहाटेच्या असतात, फोन लागत नाहीत आणि कागद आणायला गावी परत येणे कोणालाही परवडत नाही.

आधी मूळ हक्क स्पष्ट करतो, कारण पालकांना आणि पुष्कळदा शिक्षकांनाही हे जेवण म्हणजे शासनाची कृपा वाटते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांप्रमाणे आपल्याकडेही मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जात असे, तोही हजेरी पुरेशी असेल तर. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या याचिकेत आदेश दिला की कोरडे धान्य नव्हे, तर शिजवलेले जेवण द्यावे आणि ते वर्षातून किमान २०० दिवस द्यावे. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हा आदेश कायद्यात उतरला. त्यामुळे आज शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतील आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी मोफत शिजवलेले जेवण मिळणे हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. या हक्काला रेशन कार्डाच्या रंगाची अट नाही आणि आई-वडिलांच्या उत्पन्नाचीही नाही. पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. म्हणजे आपल्या शाळेतील लहान मुलामागे १०० ग्रॅम आणि मोठ्यामागे १५० ग्रॅम तांदूळ, त्याशिवाय डाळ, भाजी व तेल एवढे ताटात पडले पाहिजे.

आता गावात मागे राहणाऱ्या मुलांविषयी. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे आणि बीड जिल्ह्याला ती नवी नाही. समग्र शिक्षा अभियानातून चालणाऱ्या या सोयीत शाळा व्यवस्थापन समितीच मुख्य असते. मुलांचे सकाळ-संध्याकाळचे जेवण वसतिगृहाकडून होते, दुपारचे शाळेच्या पोषण आहारातून होते, आणि रविवार व सणाच्या सुट्टीतही चूल चालू राहते. आपण सोमवारचा जो अनुभव सांगितला, त्याला मला माहीत असलेले हेच एक खरे उत्तर आहे. दुपारच्या जेवणाचा कायदा शाळेच्या सुट्ट्या वगळूनच लिहिलेला आहे, त्यामुळे रविवारचे जेवण त्या कायद्यातून मागता येणार नाही.

यासाठी समितीने घरोघरी जाऊन कोणत्या घरातील कोण जाणार, कोणते मूल मागे राहणार आणि कोणाच्या आधाराने राहणार याची यादी करावी, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि समितीच्या ठरावासह प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. मंजुरी डिसेंबर-जानेवारीत येते आणि तोवर अर्धा हंगाम निघून जातो, ही या योजनेची जुनी दुखणी आहे. म्हणूनच सर्वेक्षण सप्टेंबरमध्ये पूर्ण करून प्रस्ताव ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोहोचलेला बरा. पोहोच घ्यायला विसरू नका. मुलींच्या आया वसतिगृहाला लवकर तयार होत नाहीत. रात्रीची काळजी हे त्याचे कारण असते आणि ते रास्त आहे. त्यामुळे मुलींनी जेवण वसतिगृहात करावे आणि झोपायला आजीकडे जावे, अशी रीत अनेक गावांनी स्वीकारली आहे. ती प्रस्तावातच लिहून ठेवावी.

थोड्या मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. २०२१ मध्ये १० जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक अशी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. आपल्या तालुक्यातील वसतिगृह सुरू आहे का आणि किती जागा रिकाम्या आहेत, याची चौकशी समाज कल्याण कार्यालयात करता येईल.

माझे स्पष्ट मत असे की शक्य असेल तिथे मूल गावात ठेवावे. अड्ड्यावर गेलेले मूल लहान भावंडे सांभाळते, पाचट वेचते, पाणी आणते, आणि त्याचे शाळेत जाणे दुय्यम होते. तरीही जाणाऱ्या मुलांना शाळेने ‘शिक्षण हमी कार्ड’ अवश्य द्यावे. हे कार्ड हातात असले की समोरच्या शाळेला मूल कोणत्या इयत्तेत शिकते हे कळते आणि पुढचा बराच वाद टळतो.

अन्नहक्क

मी अनेक वर्षे रेशनच्या तक्रारींवर काम करतो, त्यामुळे तेवढ्याच भागाचे उत्तर देतो.

प्रथम आपल्या गावातील प्रत्येक कुटुंबाचे कार्ड कोणत्या गटात आहे हे पाहा, कारण पिवळा-केशरी एवढ्या माहितीवर काही ठरत नाही. अंत्योदय कार्डावर घरात माणसे कितीही असली तरी कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळते, म्हणजे सहा माणसांच्या घराला ३० किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे. दुकानदार त्यासाठी पैसे घेत असेल तर ती थेट तक्रारीची बाब आहे. ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेले केशरी कार्डधारक प्राधान्य गटात येतात. ऊसतोड करणारी काही कुटुंबे केवळ अर्ज न केल्यामुळे या गटाच्या बाहेर राहिली आहेत, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत.

कारखान्यावरील दुकानदाराने ‘कार्ड इथले नाही’ म्हणून परत पाठवणे चुकीचे आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ ही व्यवस्था ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांनी सर्वप्रथम सुरू केली त्यांत महाराष्ट्र होता. आधी गुजरातबरोबर जोडी झाली आणि आज ही सोय देशभर आहे. त्यामुळे बीडचे कार्ड कोल्हापुरातही चालते आणि बेळगावातही. नवे कार्ड काढावे लागत नाही आणि जुने रद्दही करावे लागत नाही. कार्डाचा क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून कार्डावरील कोणत्याही एका सदस्याने यंत्रावर अंगठा दिला की धान्य मिळाले पाहिजे.

पालकांना बहुधा ठाऊक नसलेली आणि आपल्या गावासाठी सर्वांत उपयोगी बाब अशी की महिन्याचे सगळे धान्य एकाच जागी उचलण्याची सक्ती नाही. सहा माणसांच्या कार्डावर नवरा-बायको कारखान्याजवळ १० किलो उचलू शकतात आणि उरलेले २० किलो आजी गावातील दुकानातून घेऊ शकते. मात्र यंत्र नावानुसार वाटे पाडत नाही. जो आधी जाईल आणि जेवढे मागेल तेवढे त्या महिन्याच्या कोट्यातून वजा होते. तिकडच्या दुकानदाराने न विचारता पूर्ण ३० किलोची पावती केली, तर इकडे आजीच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरातच ठरवावे, दुकानात किती किलो हवे ते आधी सांगावे आणि पावतीवरील आकडा वाचून घ्यावा. न उचललेले धान्य पुढच्या महिन्यात सहसा मिळत नाही. दोन महिन्यांनी एकदम घेऊ, असे कोणी समजू नये.

आजीच्या अंगठ्याचा प्रश्न राज्यभर आहे. आयुष्यभर कोयता आणि खुरपे धरलेल्या हातांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. आधार पडताळणी झाली नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र शासनाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना दिलेल्या आहेत. आधाराला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर त्यावर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने पडताळणी करता येते. तेही जमत नसेल तर त्या व्यक्तीसाठी प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. आजीच्या वतीने विश्वासू शेजाऱ्याचे किंवा नात्यातील कोणाचे नाव तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत अर्ज देऊन नोंदवावे. घरातील कर्ती माणसे गावात असतानाच हा अर्ज झाला पाहिजे, एकट्या आजीला तहसीलचे खेटे घालायला लावू नये.

त्याच वेळी कार्डावरील सर्व सदस्यांची ई-केवायसी (आधारद्वारे ओळखीची पडताळणी) झाली आहे का, हे दुकानात तपासून घ्या. ई-केवायसी राहिली म्हणून नाव बंद झाले तर कुटुंबाचे धान्य माणशी ५ किलोने कमी होते आणि हे कळते ते दुकानात उभे राहिल्यावर. ही नोंद कोणत्याही रास्त भाव दुकानात करता येते, अड्ड्याजवळच्या दुकानातही.

दुकानदाराने नकार दिल्यास १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. दुसऱ्या राज्यात असाल तर १४४४५ हा क्रमांक याच कामासाठी आहे. दुकानदाराची ‘माझा कोटा संपला’ ही तक्रार कधी कधी खरीही असते, कारण हंगामात त्याच्या दुकानावर अचानक शेकडो माणसे वाढतात. तसे असेल तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा अड्ड्यावरील चार-पाच कुटुंबांनी मिळून तिथल्या तहसीलदारांना एक अर्ज द्यावा. दुकानाला जादा धान्य मंजूर करण्यासाठी कार्यालयाला लेखी आधार मिळतो, आणि पाच जणांच्या सहीचा अर्ज बाजूला ठेवणे अवघड जाते.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्यापासून जवळ असलेल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. म्हणजे आपल्या गावातून निघालेली मुले ज्या बाजूला पोहोचतात, त्या बाजूचे मी सांगते.

दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे, तो राज्याबाहेरही लागू आहे, आणि दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आधार कार्ड नाही म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या बाबतीत हे निःसंदिग्ध केले आहे. बेळगाव भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या पालकांनीही मुलाची शाळा सुटलीच असे धरून चालू नये. तिकडच्या शाळांत दुपारच्या जेवणाबरोबर अंडेही मिळते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे किंवा केळे देण्याचा निर्णय झाला होता, पण २०२५ च्या सुरुवातीला शासनाने त्याचा जादा निधी थांबवला आणि ते लोकसहभागावर सोडले. आमच्या वर्गात नोव्हेंबरमध्ये येणारी मुले पाहिली की मला हा निर्णय मनापासून खटकतो.

जेवणाच्या हिशेबाची गोष्ट मात्र थोडी गुंतागुंतीची आहे आणि शिक्षकांची बाजू समजून घेतली तर आपल्यालाच मदत होईल. पोषण आहाराची रोजची नोंद ऑनलाइन भरावी लागते आणि ती पटाशी जुळावी लागते. पटावर साठ मुले असताना पंच्याऐंशी जेवली असे लिहिता येत नाही. मग शिक्षक आलेल्या मुलाला जेवायला बसवतात, कारण भुकेल्या मुलाला उठवणे कोणाच्याच मनाला पटत नाही, पण ते ताट कागदावर दिसत नाही. तांदूळ आणि डाळीचा पुरवठा आधीच्या उपस्थितीच्या आधारे होत असल्याने महिन्याच्या शेवटी साठा कमी पडतो आणि सर्वांच्याच ताटातले थोडे थोडे कमी होते. यावर उपाय एकच, आलेल्या मुलाची रीतसर नोंद झाली पाहिजे.

तिथे दुसरी अडचण उभी राहते ती मूळ गावातून. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांची संख्या, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. नंतर मुले कायमची दुसऱ्या शाळेच्या पटावर गेली, तर आपल्या शाळेतील शिक्षकाचे पद धोक्यात येईल अशी भीती मूळ शाळेला वाटते, म्हणून नाव सोडायला शाळा तयार नसते. ही भीती पोकळ नाही. पण त्या ओढाताणीत मूल दोन्ही शाळांच्या मधे अडकते. एकीकडे नाव आहे पण मूल नाही, आणि दुसरीकडे मूल आहे पण नाव नाही. वर सरांनी सांगितलेले शिक्षण हमी कार्ड यासाठीच महत्त्वाचे आहे. ते कार्ड आणलेल्या मुलाला आम्ही हंगामापुरते नोंदवतो, त्याची उपस्थिती व प्रगती त्यावर लिहितो आणि परत जाताना कार्ड त्याच्या हाती देतो. आपल्या मुख्याध्यापकांनी कार्डावर मुलाचा विद्यार्थी क्रमांक स्पष्ट लिहिला, तर आमचे अर्धे काम होते.

सरांचा मी आदर करते, तरी मूल गावातच ठेवावे या मताशी मी पूर्ण सहमत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सहा महिने आईपासून दूर ठेवणे सोपे नसते, आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबाच नाहीत त्यांच्यापुढे पर्यायच नसतो. अशा मुलांना ‘यांना खरे तर गावी ठेवायला हवे होते’ या नजरेने पाहिले की आमच्या बाजूच्या शाळाही त्यांची जबाबदारी मनापासून घेत नाहीत. ऊसतोड कामगारांची मुले दोन महिने यायची आणि एक दिवस न सांगता निघून जायची, असे आमच्याकडेही म्हटले जाते. पण अड्डा शाळेपासून तीन-चार किलोमीटर असेल आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावत असतील, तर सहा वर्षांचे मूल चालत येणार कसे? दूरच्या मुलांसाठी वाहतुकीची सोय मागता येते. पालकांनी मुकादमाला किंवा कारखान्याच्या शेतकी विभागाला अड्ड्यावर किती मुले आहेत हे सांगावे आणि ती यादी जवळच्या शाळेत पोहोचवावी. आम्ही स्वतः अड्ड्यांवर फिरतो, परंतु टोळ्या जागा बदलतात आणि सगळी मुले आम्हाला सापडत नाहीत.

डोंगरपट्टा

सर्वांचे मनापासून आभार. धान्य दोन ठिकाणी विभागून उचलता येते ही माहिती आमच्याकडे खरोखरच कोणाला नव्हती. पुढच्या ग्रामसभेत मी ती वाचून दाखवणार आहे. शिक्षण हमी कार्डाविषयी मुख्याध्यापकांशी आजच बोललो, ते तयार आहेत.

दोन गोष्टी अजून राहतात. एक म्हणजे शाळेच्या वयाखालची मुले. अड्ड्यावर जाणाऱ्या बायकांपैकी काही गरोदर असतात आणि काहींच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचे मूल असते. गावात त्यांना अंगणवाडीतून पाकिटे मिळतात, ती तिकडे बंद होतात. आणि दुसरी, स्वयंपाकी ताईंची अडचण, जिच्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही.

अंगणवाडी ताई

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते. अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत स्तनदा माता यांचा आहाराचा हक्क स्वतंत्रपणे दिलेला आहे. तीन वर्षांखालील मुलांना आणि मातांना घरी नेण्याचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो. हा हक्क गाव बदलल्याने संपत नाही. जिथे कुटुंब जाईल तिथल्या अंगणवाडीने त्यांची नोंद घेतली पाहिजे.

प्रत्यक्षात नोंद पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीवर असते. मूळ अंगणवाडीत नाव चालू असताना दुसरीकडे नवे नाव घातले तर ते अडते, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या सेविकेला कुटुंब कोठे जात आहे हे सांगून स्थलांतराची नोंद करून घ्यावी. माता आणि बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाचे कार्ड, बरोबर न्यावे. बहुतेक जणी ते हरवेल म्हणून गावातच ट्रंकेत ठेवून जातात. त्या कार्डावर बाळाचे वजन, लसी आणि गरोदरपणातील तपासण्या असतात, आणि तिकडची सेविका व आशा ताई तेच आधी मागतात. बाळाचे वजन कमी असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची, कारण तीव्र कुपोषित मुलाला कायद्याप्रमाणे जादा आहार द्यायचा असतो. ५०० उष्मांकांऐवजी ८०० उष्मांकांचा. तो कार्डावरची वजनाची नोंद पाहूनच सुरू होतो.

पहाटे फडात जाणाऱ्या बाईला सकाळी दहा वाजता अंगणवाडीत येऊन पाकिटे नेणे जमत नाही, हे मी पाहिले आहे. आम्ही महिन्याचा आहार आठवडी बाजाराच्या दिवशी देतो, त्या दिवशी त्या येऊ शकतात. आपल्याकडच्या बायकांनी तिकडच्या सेविकेकडे अशी वेळ मागून घ्यावी, त्यात संकोच करू नये.

अन्नहक्क

स्वयंपाकी ताईंच्या प्रश्नावर लिहितो, कारण त्याचे उत्तर नियमांत आहे आणि ते फार थोड्या समित्यांना माहीत असते.

केंद्राच्या निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी किंवा मदतनीस, २६ ते १०० मुलांसाठी दोन आणि त्यापुढे प्रत्येक शंभर मुलांमागे एक, अशी पदे असतात. मानधनाचा केंद्राचा दर २००९ पासून महिन्याला १,००० रुपयेच आहे आणि तोही वर्षातील १० महिन्यांसाठी. राज्य त्यात भर घालते. तरीही एवढ्या पैशांत रोज शंभर मुलांचा स्वयंपाक, वाढणे आणि भांडी घासणे या कामासाठी बाईने गावात थांबावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, असे मी उघडपणे म्हणेन. जी ताई हंगामाला जाते तिला दोष देऊ नका. समितीने ठराव करून तेवढ्या महिन्यांसाठी बदली स्वयंपाकी नेमावी आणि त्या काळाचे मानधन तिला मिळावे, असे मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीला आधीच कळवावे. मागे राहिलेल्या आयांपैकी, विशेषतः एकट्या किंवा विधवा स्त्रियांपैकी कोणी तयार असेल तर तिला प्राधान्य द्या. स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशातही म्हटलेले आहे.

चूल न पेटलेल्या दिवसांबाबत मध्यान्ह भोजन नियम, २०१५ वाचा. धान्य, इंधन, खर्चाचे पैसे किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर प्रत्येक मुलाला त्या दिवसाचे धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. मे २०२५ पासून स्वयंपाकासाठी लागणाऱ्या साहित्याचा दर प्राथमिकसाठी ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकसाठी १०.१७ रुपये आहे. रक्कम लहान दिसते, पण सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात किमान पाच दिवस जेवण बंद राहिले तर राज्य शासनाला जबाबदारी निश्चित करावी लागते. त्यामुळे प्रत्येक बंद दिवसाची तारीख आणि कारण समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवण्याला फार अर्थ आहे. पैसे किंवा धान्य तात्पुरते संपले असेल तर जेवण चालू ठेवण्यासाठी शाळेकडील दुसरा निधी वापरण्याची मुभाही याच नियमांनी मुख्याध्यापकांना दिलेली आहे. अनेक मुख्याध्यापक लेखापरीक्षणाच्या भीतीने तो वापरत नाहीत. समितीने तसा ठराव करून त्यांच्या हाती दिला तर ते निर्धास्तपणे खर्च करतील.

तेव्हा मुलांना उपाशी घरी पाठवण्याची वेळ येऊ नये. आपली पुढची बैठक गाड्या येण्यापूर्वी होणार असेल, तर बदली स्वयंपाकी आणि शाळेचा निधी या दोन विषयांचे ठराव त्याच बैठकीत घ्या. मसुदा लिहायला मदत लागली तर इथेच कळवा, मी लिहून देईन.